गाडीवर गाडी

सोमवार, २ मार्च

समोरची शेजारीण तिच्या लेकीकडे कायमची राहायला गेली. इतकी वर्षं रोज सकाळी तिच्याशी भांडून मगच मी चहा घ्यायचे. आता भांडायला कुणी नाही म्हणून ही डायरी काढली. टायरच्या कंपनीने फुकट वाटलेली आहे, पानापानावर टायरचं चित्र. मी शाळा चौथीत सोडली. खरं तर शाळेनेच मला सोडलं, बाईंना उलट बोलले म्हणून. पण लिहिता येतं, आणि हिच्यासमोर बोललेलं कुठे जात नाही.

मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. पुढच्या खोलीत मशीन आणि दाभणं, मागच्या खोलीत संसार. नवरा ट्रक चालवायचा, गेला. मुलगा ट्रक चालवतो. सून घर चालवते. नात मालगाडीच्या नव्या यार्डात कामाला लागली आहे, डोक्यावर पिवळं टोपडं आणि अंगात चमकणारा कोट घालून.

आज जेवताना मुलाने सांगितलं, "आई, पुढच्या खेपेपासून आपली गाडी रेल्वेवर जाणार."

"रेल्वेने कशाला? माल विकला का शेठने?"

"माल नाही गं, गाडीच. ट्रक मालासकट मालगाडीवर चढवायचा. मी केबिनमध्येच बसून राहायचं. तिकडे पोचलं की खाली उतरवायचा आणि गोदामापर्यंत चालवायचा."

माझा घास हातात राहिला. म्हटलं, "म्हणजे तू ड्रायव्हर की पार्सल?"

सून हसली. तिला बरं वाटलेलं दिसतंय. मला नाही वाटलं.

गुरुवार, ५ मार्च

नातीने यार्ड दाखवायला नेलं. मी म्हटलं, माझ्या पोराला कशावर चढवणार ते बघितल्याशिवाय मी सोडत नाही.

बघितलं आणि तोंड उघडं पडलं. लांबच लांब सपाट वॅगन, कडेला ना भिंत ना कठडा. एका टोकाला उतार बांधलाय. त्यावरून ट्रक चढतो आणि एका वॅगनवरून दुसरीवर असा पुढे पुढे जातो, शेवटपर्यंत. मागून दुसरा, त्यामागे तिसरा. दोन्ही बाजूंना चाकापासून वॅगनचा काठ माझ्या वीतभर. आणि हे सगळे बाप्ये कुणाच्या हाताच्या इशाऱ्यावर चालतात, तर आमच्या कार्टीच्या! घरात पाण्याची बादली उचलायला सांगितली तर कंबर धरते. इथे दोन हात वर करून "ये, ये, ये, बस!" म्हणते आणि एवढा मोठा ट्रक गप्प उभा राहतो.

पलीकडे क्रेन लोखंडी डबे उचलत होती. कंटेनर म्हणतात. ट्रकवरून उचलला, रेल्वेवर ठेवला, आतला माल कुणी हातानेही शिवला नाही. मी विचारलं, "याला ताडपत्री?"

"लागत नाही," नात म्हणाली.

"दोर?"

"तोही नाही."

तेवढ्यात तिचा साहेब आला. डोक्यावर पांढरं हेल्मेट, पोट कोटात मावत नाही. मी त्याचं नाव हेल्मेट ठेवलं. तो उत्साहाने सांगायला लागला की आजी, आता आठवड्यातून दोन गाड्या सुटतात, वर्षभरात रोज एक सुटेल, पुढे तर लांबचा सगळा माल रेल्वेने जाईल, ट्रकने फक्त घरापासून स्टेशन आणि स्टेशनपासून दुकान. डिझेल वाचेल, रस्ते मोकळे होतील, अपघात कमी होतील.

मी विचारलं, "आणि रस्त्यावरची माणसं?"

तो म्हणाला, "तीही कमी होतील." मग आपण काय बोललो ते कळून खोकला.

निघताना नातीने वर बोट दाखवलं. "आजी, ती तार बघितलीस? रेल्वेची वीज. ट्रक वॅगनवर असला की वर चढायची सक्त मनाई आहे. हात लावायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ओढून घेते. मी प्रत्येक ड्रायव्हरला तोंडाने सांगते, बाबांनाही सांगणार."

"मग दोर कोण बघणार?"

"निघण्याआधी खाली बघायचे. एकदा."

एकदा! आमच्या घराचा नेम आहे की गाडी जिथे थांबेल तिथे वर चढायचं आणि सगळे दोर दाबून बघायचे. डोळ्याने नाही, हाताने. माल बसतो, दोर सैल पडतो, वारा ताडपत्रीत शिरतो आणि मग माल रस्त्याभर. नवऱ्याने आयुष्यभर हेच केलं. पोरगा पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन निघाला त्या दिवसापासून मी त्याला फोन करते आणि एकच विचारते, "दोर बघितलेस का?" जेवलास का हे त्याची बायको विचारते.

मंगळवार, १० मार्च

गेला. नातीने स्वतः बापाची गाडी वॅगनवर चढवली. सून बघायला गेली होती. मी गेले नाही. मला शिवायचं होतं.

रविवार, १५ मार्च

आला. पहिल्यांदाच खेपेवरून आंघोळ केल्यासारखा दिसला. डोळे लाल नाहीत. म्हणतो, "आई, झोपलो गं! केबिनमध्ये आडवा पडलो आणि खिडकीतून शेतं पळताना बघितली. इतकी वर्षं त्याच रुळांच्या कडेने जातोय, पण तिथे नदी आहे हेच मला माहीत नव्हतं."

"रस्त्याकडे बघायचं सोडून नदी बघत होतास?"

"रस्ता कुठे होता?"

मग हसत सांगितलं, उतारावर सवयीने ब्रेक दाबला. शेजारच्या वॅगनवरच्या ड्रायव्हरनेही दाबला होता म्हणे. दोघंही आपापल्या जागी बसून आगगाडी थांबवत होते.

सून पदर तोंडाला लावून हसत होती. तिला असं हसताना बघून वर्षं झाली. मी विचारलं, "दोर?"

"खाली बघितले."

"आणि वाटेत?"

"वाटेत मनाई आहे गं."

मी काही बोलले नाही. माझं न बोलणं त्याला बरोबर ऐकू येतं. तो उठून अंगणात गेला.

सोमवार, २३ मार्च

शेठने आणखी गाड्या रेल्वेवर टाकल्या. आमच्या रस्त्यावर दिवसाउजेडी कुत्री आडवी पडायला लागली आहेत. पंक्चरवाला पेपर वाचत बसतो. मला म्हणाला, "मावशी, रेल्वेच्या चाकाला पंक्चर होतं का हो?" म्हटलं, "तू गेलास शिकायला की होईल."

माझ्याकडे आठवडाभर एकच ताडपत्री आली, तीही घरचीच. पोराच्या गाडीची काठाची शिवण नवी घातली, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने. ही शिवण माझ्यामागेही टिकेल.

शनिवार, २८ मार्च

पोरगा काल गेला. आज वारा फार. वाळत घातलेली चादर उडून पंक्चरवाल्याच्या टपरीवर बसली. लगेच पोराच्या गाडीची आठवण आली. फोन लावला. म्हणाला, "गाडी एका स्टेशनात बाजूला उभी केलीय, पुढची गाडी जाऊ द्यायची आहे."

"थांबलीय ना? मग दोर बघितलेस का?"

"आई, वॅगनवर आहे मी. तार आहे वर."

"तार तार काय करतोस? तुझा बाप घाटात, पावसात चढायचा."

"घट्ट आहेत दोर. खालून दिसतायत."

"खालून मलाही इथून दिसतायत. हात लावलास का?"

शेवटी म्हणाला, "बरं, बघतो." फोन ठेवला.

मुलगा गुणी आहे. पण डोक्यात नातीने भीती भरवली आहे.

रविवार, २९ मार्च

हॉस्पिटल. तारेने धरला.

मंगळवार, ३१ मार्च

काल लिहिता आलं नाही.

जिवंत आहे. डॉक्टर म्हणाली हे ऐकून घ्या, जिवंत आहे, आणि मग बाकीचं सांगितलं. तारेला हात लागलाच नव्हता. ताडपत्रीवर उभा राहिला आणि उजेड झाला म्हणे, बस्स. फेकला गेला तो रुळाशेजारी खडीवर. उजवा हात, खांदा, मान भाजली. कमरेचं हाड मोडलं. तळव्यातून वीज बाहेर पडली, बुटाला भोक आहे. ते बूट त्यांनी पिशवीत घालून आमच्याकडे दिले. सून पिशवी घेऊन बसली आहे, कुणाला हात लावू देत नाही.

हात राहील, डॉक्टर म्हणाली. पकड येणार नाही.

पकड येणार नाही म्हणजे स्टिअरिंग नाही. मी तिला विचारलं, "मग तो काय करणार?" ती म्हणाली, "आधी जगू दे त्याला." डॉक्टरीणबाई आहेत म्हणून ऐकून घेतलं.

रविवार, ५ एप्रिल

नात माझ्यासमोर उभी राहिली. डोळे सुजलेले, कामावरचा कोट अंगावर. हातात बापाचा फोन.

"आजी, शेवटचा फोन तुझा आहे."

"मग? आईने मुलाला फोन करू नये?"

"काय बोललीस?"

"आईमुलाचं बोलणं तुला कशाला हवं?"

ती बघत राहिली. समोरचीसुद्धा माझ्याकडे इतका वेळ कधी न बोलता बघू शकली नव्हती. मग फोन बापाच्या उशाखाली सरकवून निघून गेली. आजकालच्या पोरींना बोलायची पद्धत नाही आणि न बोलायचीही नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

तो बोलायला लागला. हेल्मेट आणि आणखी एक चष्मेवाला विचारायला आले होते. मी पडद्यामागे होते. विचारलं, "मनाई माहीत असताना वर का चढलात?"

पोरगा म्हणाला, "ताडपत्री सैल झाली होती. फडफडत होती. मागच्या ट्रकवर गेली असती."

मी ऐकलं आणि माझं अंगच पेटलं. माझी ताडपत्री? सैल? निघायच्या चार दिवस आधी नवी शिवण घातलेली? आणि तोच फोनवर म्हणाला होता की घट्ट आहेत! औषधाने डोकं फिरलंय त्याचं. ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?" त्याने डोळे मिटले. म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस."

पडू नको म्हणे! जन्मभर कमावलेलं नाव आहे माझं या रस्त्यावर.

शुक्रवार, १० एप्रिल

यार्डात गेले. त्याची गाडी कोपऱ्यात आणून ठेवली आहे, चौकशी संपेपर्यंत कुणी हलवायची नाही. मी खालून एक एक दोर ओढून बघितला. ढोलासारखे ताणलेले. मागच्या कोपऱ्यावर भोक पडून कडा जळल्या होत्या, बाकी एक टाका हललेला नाही. हेल्मेट आला तशी मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बघा साहेब! एक तरी गाठ सैल आहे का? असली तर मला इथेच उभी चिरा!"

त्याने दोर ओढून बघितला. चष्मेवाल्याला बोलावलं. त्यानेही ओढला. म्हणाला, "खरंच की. घट्टच आहे." मला इतकं बरं वाटलं.

मागे नात उभी होती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

घरी आल्यावर तिने मला स्टुलावर बसवलं आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. ताडपत्री सैल असेल तर बाबा मालगाडी वाचवायला चढले. मग तो कामावरचा अपघात, आणि यार्डाची कंपनी त्यांना तिथे बसून करायचं काम देणार. ताडपत्री घट्ट असेल तर मनाई असताना उगाच चढले, आणि कंपनीचा त्यांच्याशी संबंध संपला. "चाळिशी उलटलेला, एका हाताचा ड्रायव्हर. कोण ठेवेल त्याला, आजी? बुधवारी सुनावणी आहे."

सून चुलीपाशी पाठ करून उभी होती. वळली नाही.

मी म्हटलं, "मग त्याने मला आधी का नाही सांगितलं?"

नात म्हणाली, "काय सांगणार होते ते तुला?"

सोमवार, १३ एप्रिल

जेवण जात नाही. पित्त असेल.

रस्त्यावरून एक ट्रक गेला नाही सबंध दुपार. इतकी शांतता की मशीनच्या सुईला सुद्धा वाटावं आपण शिवू नये.

बुधवार, १५ एप्रिल

सुनावणीला गेले. बोलावलं नव्हतं. नात दारात आडवी आली, मी तिच्या कोपराखालून आत शिरले.

टेबलामागे चौघं. हेल्मेट वैतागला, "आजी, तुमचं म्हणणं आमच्याकडे आहे."

"ते खोटं होतं," मी म्हटलं. "ताडपत्री सैल होती. शिवण कच्ची. माझीच. नाव जाईल म्हणून त्या दिवशी बोंबलले."

माझ्याच आवाजात हे शब्द ऐकून मला धक्का बसला. वाटलं मागे दुसरी कुणी म्हातारी उभी आहे.

चष्मेवाला म्हणाला, "आम्ही दोर स्वतः ओढून बघितले."

"दोर बघितलेत. शिवण बघितलीत? चला दाखवते."

निघाले सगळे माझ्यामागे. शिवण कुठे जोडली आहे हे शिवणाऱ्यालाच माहीत असतं. गाठ काठाच्या घडीत लपवलेली असते. दोरा तोडायचं पातं माझ्या मुठीत असतंच, झोपेतही असेल. घडीत बोटं घातली, गाठ सापडली. कापली. ओढलं. हातभर शिवण उसवली, फर्र आवाज करत. नव्या कोऱ्या मेणाचा वास आला.

"ही बघा," मी म्हटलं. "वारा इथून शिरला."

चष्मेवाल्याने वाकून बघितलं. हेल्मेटने माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मुठीकडे. नातीनेही तिकडेच बघितलं. ती नियमाची इतकी पक्की की घरात चप्पल वाकडी ठेवू देत नाही. ती आता आपल्या बुटांकडे बघायला लागली.

हेल्मेट सावकाश म्हणाला, "शिवण सुटलेली आहे. लिहून घ्या."

घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले.

सोमवार, २० एप्रिल

निकाल आमच्या बाजूने. सुनेने मला जवळ घेतलं. आम्ही दोघी असलं काही करत नाही, त्यामुळे कुणाचा हात कुठे ठेवायचा ते कळेना.

पोराला सांगायला गेले. वाटलं खूष होईल. त्याला नातीने सगळं सांगितलं होतं. तोंड भिंतीकडे करून म्हणाला, "तुझी शिवण घट्ट होती. मी चढलो तेव्हा हात लावून बघितली होती. दगडासारखी होती." रागावलाय. कशावरून रागवायचं ते मला विचारून रागावला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, ३० एप्रिल

पंक्चरवाल्याने सांगितलं, ट्रकवाल्यांमध्ये बोललं जातंय की म्हातारीच्या कच्च्या शिवणीने पोराचा हात गेला. उरलेसुरले दोघं आपल्या ताडपत्र्या परत घेऊन गेले. एकाने माझ्या तोंडावर प्रत्येक टाका ओढून बघितला. मी ओढू दिला.

मशीनवर चादर घातली. पंक्चरवालाही टपरी हलवतोय, यार्डाच्या फाटकाजवळ. तिथे डबे नेणाऱ्या ट्रकांची रांग लागते म्हणे. मी म्हटलं, "शिकलास का रेल्वेचं पंक्चर?" तो हसला नाही.

सोमवार, १ जून

पोरगा आज कामावर रुजू झाला. काठी घेऊन, उजवा हात खिशात. काम काय, तर गाडी सुटण्याआधी माइकवर ड्रायव्हर लोकांना सूचना द्यायच्या. आता ड्रायव्हरांना केबिनमध्ये बसू देत नाहीत, मागे वेगळा डबा जोडलाय त्यांच्यासाठी. पण लोक सवयीने गाड्यांकडे जातात, त्यांना आवरायला माणूस लागतो. गाड्याही आता रोज सुटतात. हेल्मेट वर्षभरात म्हणाला होता, तीन महिन्यांत झालं.

घरी तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. मीठ दे, काठी दे.

शुक्रवार, ५ जून

पोराचा डबा घेऊन दुपारी मीच गेले यार्डाकडे, सुनेला ताप आहे. फाटकाबाहेर पंक्चरवाल्याच्या नव्या टपरीपाशी पोचते तर वर खांबावरचा भोंगा खरखरला आणि त्याचा आवाज आला. माझ्या पोराचा. असा मोकळा आवाज घरात कधी ऐकला नव्हता.

"सगळ्या ड्रायव्हरांनी लक्ष द्या. गाडी वॅगनवर चढली की ती तुमची नाही, रेल्वेची. मागच्या डब्यात जाऊन बसा. वाटेत कुठेही थांबली तरी वर चढायचं नाही. दोर सैल दिसला तरी नाही. शेठचा फोन आला तरी नाही." थोडा थांबला. "आईचा फोन आला तरी नाही."

भिंतीपलीकडे ड्रायव्हर हसले. मोठ्याने, सगळे एकदम. रोज हसतात म्हणे. त्या वाक्याची वाट बघतात.

डबा माझ्या हातात गरम होता. उन्हात उभी होते की सावलीत, कळेना. त्या वाक्यावर त्याचा आवाज ना चढला होता ना कापला होता. जसा आहे तसा सरळ, शेवटच्या वॅगनपर्यंत गेला.

पंक्चरवाला हातातलं टायर सोडून माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, "मावशी, तुमच्या मुलाचा आवाज फार लांब जातो हो."

"जाऊ दे," मी म्हटलं. "जाऊ दे, जितका लांब जातोय तितका."